आण्णा म्हणतात डोळ्याला डोळा लागला नाही, घड्याळ म्हणतंय ७ तास २० मिनिटं. खरं कुणाचं धरायचं?

हरभरा_औसा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे पण वाचा. गाव औसा तालुक्यात, मी नोकरीला पुण्यात, घरी आण्णा, माय आन् धाकटा भाऊ. आण्णांचं वय ६४. पावसाळ्यापासून त्यांचं एकच म्हणणं, रात्री झोप येईना. म्हणून दिवाळीला मीच त्यांना मनगटावर बांधायचं झोप मोजणारं घड्याळ आणून दिलं, ॲप भावाच्या फोनात हाय, भाऊ रोज सकाळी स्क्रीनशॉट पाठवतो.

आता झालंय असं की घड्याळ रोज साडेसहा, सात, सव्वासात तास झोप दाखवायलंय आन् आण्णा रोज सकाळी म्हणायलेत की रात्रभर जागाच होतो. मागच्या सोमवारी म्हणाले साडेअकराला जाग आली ती पहाटे तीनपर्यंत नुसता पडून होतो, कुत्री भुंकलेली ऐकली, शेजारच्या गोठ्यातली म्हैस ऐकली, एकची एसटी गेलेली ऐकली. त्या रात्रीचा आकडा ७ तास २० मिनिटं. साडेअकरा ते तीनच्या मधी सगळी झोपेची निळी पट्टी, एक बारीकशी रेघ सोडली तर जागं असल्याची खूणच नाही.

मी फोनवर बोलून बसलो, आण्णा तुम्हाला झोप लागलेली असती, तुम्हाला कळत नाही. ते काहीच बोलले नाहीत, मायकडं फोन दिला. दुसऱ्या दिवशी भावाला म्हणाले हे काढ माझ्या हातातलं, माझ्यापेक्षा याच्यावर विश्वास हाय तुमचा. तवापासून मला चैन पडंना.

अजून एक सांगायचं राहिलं. आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री असती. रात्रीच्या आठवड्यात आण्णा बारा-एकला रानातल्या आखाड्यावर जातात, मोटार चालू करून हरभऱ्याला पाणी देतात, पाचला घरी येतात. अशा एका रात्रीचा आकडा भावानं पाठवला, ५ तास ५० मिनिटं झोप! माणूस रानात थंडीत बसलेला आन् हे झोप दाखवायलंय. तवा माझ्या डोक्यात आलं की हे घड्याळ मोजतंय तरी काय? हात हलला नाही की झोप, असंच हाय का ते? कुणाला नीट माहिती असंल तर सांगा, आण्णांशी पुन्हा बोलायच्या आधी मला समजून घ्यायचंय.

---

झोपलॅब_संभाजीनगर

दादा, तुमचा शेवटचा अंदाज बरोबर आहे. मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे, ११ वर्षं हेच काम करतो, त्यामुळं थोडं सविस्तर लिहितो.

मनगटावरच्या यंत्राला झोप दिसतच नाही, त्याला मुख्यतः हालचाल दिसते. झोप मेंदूत होते आणि ते यंत्र बसलंय हातावर. आमच्याकडं पेशंटच्या डोक्याला, डोळ्यांच्या बाजूला, हनुवटीला वायरी लावतो, पायांना लावतो, नाकाशी श्वासाची नळी, छातीला आणि पोटाला पट्टे, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, आणि मग ३० सेकंदाचं एक पान अशी रात्रभराची नोंद वाचतो. आठ तासांची ९६० पानं होतात. त्यात मेंदूची लाट बघून सांगता येतं की हा माणूस आता झोपला. घड्याळाकडं यातलं काहीच नाही. त्याच्याकडं मुख्य माहिती एकच, या मिनिटात हात किती हलला.

या पद्धतीला ॲक्टिग्राफी म्हणतात आणि ती नवीन नाही, डॉक्टरलोक स्मार्टवॉच यायच्या कितीतरी आधीपासून वापरतात. १९९२ साली कोल आणि क्रिपके वगैरे संशोधकांनी एक सूत्र दिलं ते अजून चालतं, त्यात एका मिनिटाचा निकाल लावायला त्याच्या आधीची चार मिनिटं, ते मिनिट आणि पुढची दोन मिनिटं बघतात, प्रत्येकाला वेगळं वजन देऊन बेरीज करतात, बेरीज ठराविक आकड्याच्या खाली आली की झोप, वर गेली की जाग. म्हणजे मधल्या एका मिनिटात तुम्ही हात हलवून चादर ओढली पण आजूबाजूची मिनिटं शांत असली तर ते मिनिटसुद्धा झोपेत जमा होऊ शकतं. तुमच्या आण्णांच्या पट्टीत जी बारीक रेघ दिसली ती बहुतेक त्यातून सुटलेली.

आता मुख्य मुद्दा. २०१३ साली एक अभ्यास छापून आला, ७७ लोकांना एकाच वेळी मनगटावर यंत्र आणि डोक्याला वायरी, दोन्ही लावून तपासलं. माणूस खरोखर झोपलेला असताना यंत्रानं झोप बरोबर ओळखली ९६-९७ टक्के. पण माणूस जागा असताना जाग ओळखली फक्त ३३ टक्के. एकूण बरोबर किती असं विचारलं तर ८६ टक्के येतं, ऐकायला छान वाटतं, पण ते का येतं तर रात्रीचा बहुतेक वेळ लोक झोपलेलेच असतात म्हणून.

हे आण्णांवर लावून बघा. समजा माणूस आठ तास अंथरुणात आहे, त्यातले ५ तास झोपला आणि ३ तास डोळे मिटून गप पडून राहिला. ५ तासांतले जवळपास ४ तास ५० मिनिटं यंत्र बरोबर धरणार, आणि जागेपणाच्या ३ तासांतले दोन तास झोपेत घालणार. आकडा येणार ६ तास ५० मिनिटं. खरी झोप पाच तास. अंथरुणात तळमळणाऱ्या माणसाला घड्याळ कमी फसतं, पण जो माणूस घरातल्यांची झोप मोडू नये म्हणून न हलता पडून राहतो त्याची जाग त्याला फारशी दिसत नाही. आपल्याकडची वडीलधारी माणसं बहुतेक अशीच पडून राहतात.

रानातल्या रात्रीचंही तेच. वाफा भरेपर्यंत बांधावर घोंगडी पांघरून बसले, हात मांडीवर, यंत्रासाठी ती झोप.

पण एक दुसरी बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर माझं उत्तर अर्धवट राहील. ज्यांना झोपेचा त्रास आहे ते लोक आपली झोप खऱ्यापेक्षा कमी झाली असं सांगतात हे आम्ही लॅबमध्ये पुष्कळ वेळा बघतो. सकाळी पेशंट म्हणतो तासभरसुद्धा झोपलो नाही आणि नोंदीत चार तास असतात. तो खोटं बोलत नसतो. हलकी झोप, मधूनमधून जाग, आणि लक्षात फक्त जागेपणाच राहतो. त्यामुळं आण्णांचा आकडा आणि घड्याळाचा आकडा यांच्या मधे कुठंतरी खरं असणार. पण त्रास होतोय एवढं तर आण्णांच्या शब्दावरच मानायचं, निद्रानाशाचं निदान डॉक्टर पेशंटला विचारूनच करतात, घड्याळाला विचारून नाही.

---

वाळूज_सी_शिफ्ट

वरच्या सरांनी बरोबर सांगितलं पण घड्याळ एकदमच फेकून देऊ नका भाऊ, माझा अनुभव ऐका. मी वाळूज एमआयडीसीत ९ वर्षं रोटेशनमधी आहे, फर्स्ट सेकंड थर्ड. मूळ गाव पैठणकडं. थर्ड शिफ्टच्या आठवड्यात सकाळी सातला घरी येऊन झोपायचो आन् मला वाटायचं मी दिवसा मस्त सात तास झोपतो. चिडचिड मात्र लई, एकदा मशीनवर बोट जाता जाता राहिलं तवा कंपनीच्या डॉक्टरनं दोन आठवडे हाताला ते साधं यंत्र बांधून दिलं, स्क्रीन नाही काही नाही, नुसता पट्टा, सोबत एक वही दिली.

दोन आठवड्यांनी त्यानं जो कागद दाखवला तो मी आजवर विसरलो नाही. एकाखाली एक दिवस, चोवीस तासांची आडवी रेघ, हाललो तिथं काळं आन् शांत तिथं पांढरं. फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पांढरा पट्टा एकाखाली एक सरळ. थर्डच्या आठवड्यात नुसते तुकडे, सव्वासात ते दहा पांढरं, मग काळं, परत बारा ते एक पांढरं. दहाला काय व्हायचं तर पोरं, भाजीवाला, नळाला पाणी, कोणी ना कोणी उठवायचं. आन् सुट्टीच्या दिवशी मी रात्री झोपायचो म्हणजे शरीर उलटं फिरवायचो, परत दुसऱ्या दिवशी पुन्हा. मला वाटायचं मी झोपतो, कागदावर दिसलं की मी झोपेचे तुकडे गोळा करतो.

म्हणून म्हणतो किती तास झोपला हे त्याला विचारू नका, कधी झोपता कधी उठता आन् रोज त्यात किती फरक पडतो हे विचारा, ते त्याला चांगलं जमतं. तुमच्या आण्णांचं तर माझ्यासारखंच शिफ्टचं जिणं आहे, एक आठवडा दिवसा एक आठवडा रात्री. त्यांना कुणी शिफ्ट वर्कर म्हणत नाही एवढंच.

आम्ही नंतर घरात एवढं केलं की थर्डच्या आठवड्यात माझ्या खोलीला जाड गोधडी लावून अंधार करायचा आन् बारापर्यंत कुणी दार वाजवायचं नाही. फरक पडला.

---

नांदेडची_इलेक्ट्रॉनिक्स

घड्याळाच्या आत काय असतं ते मी सांगते, माझा प्रोजेक्टच त्यावर होता.

आत ॲक्सेलरोमीटर नावाची चिप असते, तांदळाच्या दाण्याएवढी. तिच्यात सिलिकॉनचा एक अगदी सूक्ष्म ठोकळा बारीक स्प्रिंगांवर लटकवलेला असतो, हात हलला की तो सरकतो आणि शेजारच्या पट्ट्यांमधली कपॅसिटन्स (वीज साठवायची क्षमता) बदलते, ती मोजली की धक्का कळतो. तीन दिशांना तीन वेगळी मापं. गंमत म्हणजे हात पूर्ण स्थिर असला तरी चिप शून्य दाखवत नाही, पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण तिला कायम जाणवतं, त्यामुळं हात कोणत्या कोनात पडलाय तेसुद्धा कळतं. त्यावरूनच २०१५ साली एक वेगळी पद्धत आली, हाताचा कोन पाच मिनिटं ५ अंशांपेक्षा जास्त बदललाच नाही तर झोप समजायची. ब्रिटनमध्ये २०१३ ते २०१५ या काळात एक लाखाहून जास्त लोकांनी सात-सात दिवस असा पट्टा हाताला बांधला होता, एवढ्या लोकांच्या डोक्याला वायरी लावणं शक्यच नाही, म्हणून मनगटाचा पट्टा. मोठ्या संख्येसाठी तो उपयोगाचा आहे, एका माणसाच्या एका रात्रीचा निकाल द्यायला नाही.

उलटी चूकही होते. माझ्या भाचीवर प्रयोग केला, ती दीड वर्षाची, झोळीत गाढ झोपलेली आणि आई झोका देत होती तर आमच्या प्रोग्रामनं तिला पूर्ण वेळ जागी धरलं. एसटीत झोपलेल्या माणसाचंही असंच होतं, गाडी हलते ती हाताची हालचाल समजली जाते.

आणि ते डीप (गाढ), लाईट (हलकी), रेम (स्वप्नांची) झोप असे रंगीत पट्टे दाखवतात ना, ते फक्त हालचालीवरून नसतं, मागचा हिरवा दिवा नाडी मोजतो आणि नाडी किती स्थिर किती अस्थिर यावरून अंदाज बांधतात. अंदाजच तो. आण्णांना काल डीप कमी झाली, परवा जास्त झाली असलं काही सांगत बसू नका प्लीज.

---

लातूर_रिपीटर

मी लातूरला नीटची तयारी करते, दुसरं वर्ष. मी रोज उठल्याउठल्या आधी झोपेचा स्कोअर बघायचे. ८० च्या वर आला की बरं वाटायचं, ६० आला की आज काही डोक्यात शिरणार नाही असं वाटायचं आणि खरंच शिरायचं नाही. मग रात्री स्कोअरच्या टेन्शननं झोप यायची नाही. आमच्या हॉस्टेलच्या मावशींनी शेवटी घड्याळ कपाटात ठेवायला लावलं. नंतर वाचलं की डॉक्टरांनी २०१७ साली या त्रासाला ऑर्थोसोम्निया असं नावच दिलंय, परफेक्ट झोपेच्या मागं लागून झोप बिघडवून घेणं. काकांना आकडा सांगूच नका, तो भाऊंनी फक्त स्वतःजवळ ठेवावा.

---

हरभरा_औसा

सगळ्यांचे मनापासून आभार. झोपलॅबवाले सर, तुमचा तो ५ तास आन् ३ तासांचा हिशोब मी रात्री आण्णांना फोन करून जसाच्या तसा सांगितला. म्हणालो घड्याळाला तुम्ही पडून राहिलेलं कळत नाही, चुकलं माझं. ते म्हणाले, "मी हालत नाही रे, तुझी माय उठती." मला पुढं बोलताच येईना.

आता पुढं काय करू? घड्याळ परत बांधायला सांगू का नको?

---

झोपलॅब_संभाजीनगर

ते तयार असतील तरच बांधा, आणि सोबत वही ठेवा. वहीशिवाय ॲक्टिग्राफी अर्धी आंधळी असते. घड्याळ ज्या हातानं काम करत नाहीत त्या हातात, म्हणजे आण्णा उजवे असतील तर डाव्या. दोन आठवडे घाला, तुमच्या बाबतीत मुद्दाम एक दिवसाच्या लाईटचा आणि एक रात्रीच्या लाईटचा आठवडा येऊ द्या. वहीत भाऊ लिहील, किती वाजता अंथरुणात गेले, अंदाजे कधी डोळा लागला, मधे किती वेळा जाग आली, कधी उठले, दुपारी पडले का, शेवटचा चहा कितीला, घड्याळ कधी काढून ठेवलं, रानात किती ते किती बसले. सगळं सकाळी चहाच्या वेळी अंदाजानं लिहायचं. रात्री उठून वेळ बघून लिहायचं नाही, त्यानं असलेली झोप जाते.

आणि एक विचारतो, आण्णा घोरतात का? बीपी आहे का?

---

परभणीची_मुलगी

सरांनी घोरण्याचं विचारलं म्हणून लिहिते. माझी आई घोरायची आणि आम्ही म्हणायचो बघा किती गाढ झोपते. तिच्या घड्याळात स्कोअर कायम चांगला. दिवसा मात्र ती भाजी निवडता निवडता डुलकी घ्यायची, बीपीच्या दोन गोळ्या चालू तरी खाली येईना. शेवटी झोपेची तपासणी केली तर तासाला ३४ वेळा श्वास अडायचा. डॉक्टर म्हणाले ३० च्या वर म्हणजे तीव्र. श्वास अडला की मेंदू काही सेकंद जागा होतो, श्वास सुरू करतो आणि परत झोपतो, हात हलतच नाही म्हणून घड्याळाला काही दिसत नाही आणि तिलाही सकाळी काही आठवत नाही. आता रात्री मास्कचं मशीन लावते. पहिला आठवडा लई वैतागली, आता माहेरी जातानासुद्धा सोबत नेते.

तुमच्या भावाला एक रात्र आण्णांच्या जवळ झोपायला सांगा. मशीनपेक्षा ते सोपं आहे.

---

झोपलॅब_संभाजीनगर

ताईंनी अगदी नेमकं सांगितलं. २०२४ पासून काही नव्या घड्याळांना श्वास अडण्याची शक्यता सांगायची परवानगी अमेरिकेत मिळालीय, पण ती नुसती सूचना, निदान नाही. आणि झोपेत पाय झटकण्याचा आजार असेल तर तोही मनगटाला कळत नाही, तिथं पायालाच वायर लावावी लागते.

---

हरभरा_औसा

१७ दिवसांनी परत लिहायलोय, उशीर झाला, माफी असावी.

वही पूर्ण झाली. भावानं एक दिवस चुकवला नाही. दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात आण्णा रात्री साडेआठला अंथरुणात जातात आन् पाचला उठतात म्हणजे साडेआठ तास पडून, घड्याळ म्हणतंय सरासरी ७ तास ५ मिनिटं, वहीत सरासरी साडेचार. रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात घड्याळ ६ तास १० मिनिटं आन् वहीत पावणेचार, कारण बांधावर बसलेला वेळ भावानं वेगळा लिहिला होता, तो वजा केला की घड्याळाचा आकडासुद्धा साडेचारवर येतो. वाळूजवाले भाऊ, तुम्ही म्हणाला तसंच दिसलं, सगळ्यात वाईट रात्री कोणत्या तर लाईट बदलल्यावरच्या पहिल्या तीन. रानातून आल्यावर पाचला झोपायचा प्रयत्न करतात तवाच गल्लीत सगळे उठलेले असतात. आता माय त्या आठवड्यात त्यांची बाज आतल्या खोलीत टाकती आन् खिडकीला पोतं लावती.

पण मुख्य गोष्ट वेगळीच निघाली. परभणीच्या ताईंचं ऐकून भाऊ दोन रात्री शेजारी झोपला. म्हणाला, दादा, आण्णा घोरतात, मग एकदम सगळं शांत होतं, मी मनात आकडे मोजले, पंधरा, कधी वीसपर्यंत, मग एकदम हुंदका दिल्यासारखा श्वास घेतात. घाबरून त्यानं एकदा हलवून उठवलं. बीपी पण तपासलं, वाढलेलं निघालं. आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. माय म्हणती घोरतात ते तर लग्नापासून.

लातूरच्या डॉक्टरांनी वही आन् घड्याळाचे कागद दोन्ही बघितले, वहीवरच जास्त वेळ थांबले, आन् एक रात्रीची तपासणी लिहून दिली. गुरुवारची तारीख मिळालीय, वही सोबत आणा म्हणाले. आण्णा तयार झालेत, फक्त एकट्याला ठेवतील का म्हणून विचारायलेत. सर, घरचं कुणी थांबू शकतं का? आन् आधी काही तयारी लागती का?

---

झोपलॅब_संभाजीनगर

बहुतेक ठिकाणी एक नातेवाईक थांबू देतात, फोन करून विचारून घ्या. बीपीची गोळी चालू झाली असेल तर ती बंद करायची नाही, झोपेची गोळी कुणी दिली असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. दुपारी झोपू देऊ नका, दुपारनंतर चहा नको. रोज पांघरतात तीच घोंगडी आणि उशी सोबत न्या, नव्या जागी बरं पडतं.

आणि त्या दिवशी डोकं धुवायचं आणि तेल अजिबात लावायचं नाही, वायरी चिकटत नाहीत. सकाळी केसाला पांढरी पेस्ट लागलेली असेल, कोमट पाण्यानं निघते.